अंगावर काय आहे? : तुर्की भाषेचा पहिला धडा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'पोशाख व भाषा' असे छापले आहे. ते वाचून मागच्या रांगेतल्या काही मुलांचे चेहरे पडलेले मला येथून दिसले. आता हे चाचा आपल्याला कपडे कसे घालावेत यावर तासभर सुनावणार, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी निर्धास्त बसावे. कोणी काय घालावे हे मी सांगणार नाही. कोणी काय घातले आहे, हे तुर्की भाषेत कसे सांगावे, एवढेच मी सांगणार आहे.

हा विषय निवडण्याचे कारण असे. गेल्या वर्षी आपल्यातलेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीला तुर्कस्तान सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावयाचा होता. शिष्यवृत्ती मिळाली तर पहिले वर्ष बहुधा तेथील भाषा शिकण्यातच जाते. वडिलांची चिंता निराळी होती. ते म्हणाले, "भाईसाहेब, पोरगी मराठी शाळेत शिकली. घरात आम्ही आमची बोली बोलतो. उर्दू तिला वाचता येते, पण अडखळत. इंग्रजी कॉलेजात गेल्यावर सुरू झाले. चारही भाषा अर्ध्या. हिला पाचवी काय येणार?" मुलगी शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, पण खाली पाहत होती, आणि ते मला बरे वाटले नाही. त्यांना जे उत्तर दिले तेच आज जरा सविस्तर देणार आहे, कारण ही चिंता त्या एकाच घरातली नव्हे.

मी भाषापंडित नाही. जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. ती जागा आता जहाजांवर राहिली नाही. उपग्रहाने आमचे काम नेले. माझी तुर्की ही बंदरातली तुर्की आहे, पुढे पुस्तके आणून घासूनपुसून घेतलेली. पण तिचा पहिला धडा मी ज्या रीतीने शिकलो तो जन्मभर विसरणार नाही.

१९८४ साल. आमचे जहाज इझमीरच्या बंदरात लागले होते. जहाजावर आपल्याच तालुक्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा नवशिका म्हणून आला होता. त्याच्या वालिदांनी मुंबईच्या गोदीत त्याचा हात माझ्या हातात दिला होता. दुपारी तो शहर पाहावयास गेला, चारला परत यावयाचा होता. पाच वाजले, साडेपाच झाले, पत्ता नाही. रात्री नऊला जहाज सुटणार. जहाज कोणासाठी थांबत नाही, आणि परक्या बंदरात मागे राहिलेल्या मुलाच्या खिशात पैसे नसतात आणि तोंडात भाषा नसते. बाहेर पाऊस सुरू झालेला. मी एक लहानसा शब्दकोश खिशात टाकला आणि बंदराच्या फाटकावरची पोलीस चौकी गाठली.

शब्दकोशातून मी दोन वाक्ये जुळवून नेली होती. 'आर्कादाश योक', म्हणजे मित्र नाही. आणि 'आर्कादाश मावी ग्योमलेक'. आर्कादाश म्हणजे मित्र, मावी म्हणजे निळा, ग्योमलेक म्हणजे सदरा. मला म्हणावयाचे होते, मित्राच्या अंगात निळा सदरा आहे. चौकीतल्या तरुण पोलिसाने कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारले, "ग्योमलेक मी कायिप?" मी हा 'कायिप' शब्द ऐकला आणि मनात म्हटले, अरे, हा तर आपला गायब! खरोखरच तो अरबीतला तोच शब्द आहे. मी जोरजोराने मान हलवून 'एवेत, एवेत', म्हणजे होय होय, म्हटले. त्याने माझ्यापुढे एक छापील कागद सरकवला. मला बऱ्याच वेळाने उमगले की तो हरवलेल्या वस्तूंचा अर्ज होता. त्याने विचारले होते, "सदरा हरवला आहे काय?" आणि मी आनंदाने होकार दिला होता.

माझे चुकले कोठे? आपण मराठीत 'हा माझा भाऊ' म्हणतो, 'आहे' हा शब्द म्हणावाच लागत नाही. तुर्कीतही तसेच आहे. म्हणून 'आर्कादाश मावी ग्योमलेक' याचा अर्थ मित्राने निळा सदरा घातला आहे असा होत नाही. त्याचा अर्थ होतो, 'मित्र हा निळा सदरा.' पोलिसाने काय समजावे? एक अक्षरी प्रत्यय मी लावला असता तर सदऱ्याच्या जागी माणूस उभा राहिला असता. त्या प्रत्ययाकडे मी येतो, पण त्याआधी उच्चाराविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे.

तुर्की भाषा पूर्वी अरबी लिपीत लिहीत. १९२८ साली नवी लॅटिन वर्णमाला आली. तिच्यात २९ अक्षरे आहेत व त्यांपैकी आठ स्वर. आठ स्वर हीच तिची सगळी गंमत आणि सगळी कटकट. 'इ'ची दोन अक्षरे आहेत, एकाच्या डोक्यावर टिंब, दुसरे बिनटिंबाचे. टिंबाची ती आपली सरळ ई. बिनटिंबाची इ ओठ न ताणता घशाकडून काढतात, आपल्या अ आणि इ यांच्या मधली. मी येथे टिंबाची दीर्घ ई व बिनटिंबाची ऱ्हस्व इ अशी खूण ठरवली आहे, छापताना कोणी शुद्धलेखनाच्या नियमाने ती सुधारू नये ही विनंती. आणखी दोन स्वर ओठ गोल करून ए व ई म्हटल्यासारखे आहेत. ते देवनागरीत नीट उतरत नाहीत, म्हणून मी 'यो' व 'यू' लिहितो. ग्योमलेक मधला यो तसला.

आता तो प्रत्यय. तुर्कीत नामाला 'ली' जोडले की 'ते असलेला' असा अर्थ होतो. ग्योमलेक म्हणजे सदरा, ग्योमलेकली म्हणजे सदरावाला. पण हा 'ली' सगळीकडे 'ली' राहत नाही. शब्दातला शेवटचा स्वर जसा असेल तसा तो आपला स्वर बदलतो. शेवटी ए किंवा ई असेल तर ली: ग्योमलेकली, आणि एल्बीसे म्हणजे झगा, त्यावरून एल्बीसेली. शेवटी आ किंवा ती ऱ्हस्व इ असेल तर लि: शापका म्हणजे टोपी, शापकालि, बियिक म्हणजे मिशी, बियिकलि म्हणजे मिशाळ. ओ किंवा ऊ असेल तर लू: पांतोलोन, पांतोलोनलू. ते ओठ गोल करावयाचे स्वर असतील तर ल्यू: ग्योझल्यूक म्हणजे चष्मा, ग्योझल्यूकल्यू म्हणजे चष्मेवाला. व्याकरणकार याला स्वरांचा मेळ म्हणतात. पाहुण्याने ज्या घरी जावे त्या घरच्या रीतीने वागावे, तसा हा प्रत्यय वागतो. नियम पाठ करू नका. आठ-दहा शब्द मोठ्याने म्हणा, जीभ आपोआप वळते. 'ग्योझल्यूकली' म्हणून पाहा, म्हणताना तुम्हालाच खडा लागल्यासारखे वाटेल.

याच प्रत्ययाचा उलटा भाऊ 'सीझ', म्हणजे नसलेला, आपल्या 'बिन'सारखा, फक्त तो शब्दाच्या मागे लागतो. तोही स्वर पाहून बदलतो: शापकासिझ म्हणजे बिनटोपीचा, ग्योझल्यूकस्यूझ म्हणजे बिनचष्म्याचा.

रंग नामाच्या आधी येतो, मराठीसारखाच. पण मराठीत आपण निळा सदरा, निळी टोपी, निळे पातळ असा रंग बदलीत जातो. तुर्कीत लिंगच नाही. मावी ग्योमलेक, मावी शापका, मावी एल्बीसे. रंग आपल्या जागी स्वस्थ बसून असतो. इतकेच काय, तो, ती आणि ते या तिघांना मिळून एकच शब्द आहे, 'ओ'. कोणी 'ओ' म्हणाला तर पुरुषाविषयी बोलतो की बाईविषयी हे कळत नाही. म्हणून तेथे माणूस ओळखवून देताना कपडे, केस, मिशी यांचा उपयोग फार. आणि 'एक' म्हणजे बीर हा शब्द रंग व नाम यांच्या मध्ये येतो: मावी बीर ग्योमलेक. आपण 'एक निळा सदरा' म्हणतो, ते 'निळा एक सदरा' म्हणतात. संख्या सांगितली की नामाचे अनेकवचन करीत नाहीत, दोन सदरे नव्हे, 'दोन सदरा': ईकी ग्योमलेक. आपली लहान मुले असेच बोलतात आणि आपण त्यांना हसतो.

पुन्हा त्या चौकीत जाऊ. आमचा घोळ ऐकून आतून एक वयस्कर पोलीस आला. मिशा पांढऱ्या, चेहरा आपल्या गावच्या खोतासारखा. त्याला लगेच कळले की सदऱ्यासाठी कोणी पावसात असा घामाघूम होत नाही. त्याने मला बसवले, चहा मागवला आणि सावकाश विचारले, "यूस्त्यूंदे ने वार?" शब्दकोशात पाहिले तर यूस्त म्हणजे वर, ने म्हणजे काय, वार म्हणजे आहे. वर काय आहे? मी छताकडे पाहिले. तो हसला. त्याने आपल्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाला, "जेकेत वार." डोक्याला हात लावून म्हणाला, "बाशिमदा शापका वार." पायाकडे बोट दाखवले, "आयाइमदा आयाक्काबि वार."

आणि मुलांनो, त्या क्षणी माझ्या डोक्यात दिवा लागला. तो मराठी बोलत होता! शब्द तुर्की, पण वाक्य मराठी. 'अंगावर कोट आहे. डोक्यावर टोपी आहे. पायात बूट आहेत.' इंग्रजीत मी वीस वर्षे 'वेअर' हे एकच क्रियापद घोकत आलो होतो, आणि येथे हा पोलीस माझ्या आईने मला बोट धरून शिकवलेल्या रीतीने बोलत होता.

त्याची मोडणी पाहा. बाश म्हणजे डोके. बाशिम म्हणजे माझे डोके. बाशिमदा म्हणजे माझ्या डोक्यावर. त्याच्या डोक्यावर म्हणावयाचे तर बाशिंदा. आपल्या उर्दूत बाशिंदा म्हणजे रहिवासी, तेव्हा उर्दू जाणणाऱ्याने येथे सांभाळावे. पाय म्हणजे आयाक. त्याच्या पायात म्हणजे आयाइंदा, हेही ऐकून कोणाला आइंदा, म्हणजे पुढे कधी, असे वाटेल! शब्दाच्या शेवटचा क येथे विरून जातो, हे त्या भाषेचे नेहमीचे आहे. डोळ्यावर चष्मा आहे: ग्योझ्यूंदे ग्योझल्यूक वार. आणि चष्मा हा शब्दच पाहा. ग्योझ म्हणजे डोळा, त्यावरून ग्योझल्यूक. आपल्या चष्म्यातही फारसीतला चश्म, म्हणजे डोळाच बसलेला आहे. बूट म्हणजे आयाक्काबि, म्हणजे शब्दशः पायाचे भांडे. हे मला फार आवडते.

आता क्रियापदांकडे वळतो. त्या गृहस्थांच्या मुलीला मी प्रथम हाच प्रश्न विचारला. म्हटले, "बेटी, साडी आपण काय करतो?" ती म्हणाली, "नेसतो." "सदरा?" "घालतो." "शाल?" "पांघरतो." "फेटा?" "बांधतो." "ओढणी?" "घेतो." "आणि घड्याळ?" "लावतो, नाहीतर बांधतो." मी म्हटले, "आता हे सारे इंग्रजीत सांग." तिने डोळे मोठे केले आणि हसली.

तुर्की मनुष्यही असाच भेद करतो, फक्त त्याच्या रेषा थोड्या निराळ्या ओढलेल्या आहेत. ज्यात आपण अंग, हात किंवा पाय शिरवतो ते सारे 'गीयमेक': सदरा, पांतोलोन, मोजे, बूट. जे वरून अडकवावयाचे, लावावयाचे, ते 'ताकमाक': चष्मा, घड्याळ, अंगठी, कानातले, गळ्यातला टाय. टोपीला दोन्ही चालतात. डोक्याला बांधावयाच्या रुमालाला, म्हणजे एशार्पला, ताकमाकही म्हणतात आणि 'बालामाक' म्हणजे बांधणे हेही म्हणतात. काढणे म्हणजे 'चिकारमाक', मग ते बूट असोत की चष्मा. चष्मा 'गीयमेक' म्हटले तर कोणी उपाशी ठेवणार नाही, पण आपल्याकडे कोणी 'मी चष्मा नेसलो' म्हटले तर जसे होईल तसे होते. इंग्रजी माध्यमातून तुर्की शिकणाऱ्याला ही गोष्ट घोकावी लागते, कारण त्याच्या हाती एकच शब्द आहे. तुम्हाला ती घोकावी लागत नाही. वस्तूप्रमाणे क्रियापद बदलते हे तुम्हाला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे.

आणखी एक. 'नेसणे' याचे आपण 'नेसवणे' करतो. आई मुलीला साडी नेसवते. तुर्कीत गीयमेकचे गीयदीरमेक होते, दुसऱ्याच्या अंगावर कपडे चढवणे. आणि मधे न आला की गीयीनमेक, म्हणजे स्वतःच कपडे करून तयार होणे. एकाच धातूच्या पोटात अक्षरे घालून अर्थ वळवावयाचा. करणे, करवणे, करवून घेणे हे ज्याला येते त्याला यात नवल वाटू नये.

काळाची बाब जरा बारकाईने ऐका, कारण येथे चांगले चांगले फसतात. 'गीयीयोर' म्हणजे घालतो आहे. 'गीयेर' म्हणजे घालत असतो, त्याची ती सवय. 'गीयदी' म्हणजे घातला, मी पाहिले. आणि 'गीयमीश' म्हणजे घातला आहे, घालताना मी पाहिले नाही, पण आता अंगावर दिसतो आहे. शिकवणीच्या पुस्तकांत गीयीयोर हे दोन्हीसाठी येते, घालण्याची क्रिया चालू असो की कपडा अंगावर असो. पण समोर आलेल्या माणसाचे वर्णन करताना लोकांच्या तोंडी सहज येते ते गीयमीश: 'मावी बीर ग्योमलेक गीयमीश', निळा सदरा घातला आहे. मराठीतही आपण दारात उभ्या असलेल्या पाहुण्याविषयी 'त्याने निळा सदरा घातला आहे' असेच म्हणतो. 'घालतो आहे' म्हटले तर तो अजून बटणे लावतो आहे असा अर्थ होईल. तुर्कीतले हे मीश म्हणजे खुणेवरून केलेला तर्क. न पाहिलेल्या, ऐकीव गोष्टीलाही तेच लागते. आपण 'म्हणे' लावतो तसे. किती सच्चा प्रत्यय आहे हा! पाहिलेले आणि न पाहिलेले यांत गल्लत करू देत नाही. आपल्या गावच्या नाक्यावर याची फार गरज आहे, पण तो विषय निराळा.

वाक्यात कर्ता आधी, कर्म मधे, क्रियापद शेवटी, हे मराठीप्रमाणेच. कोणता तरी सदरा असेल तर ग्योमलेक गीयमीश. ठरलेला, आपल्याला माहीत असलेला सदरा असेल तर कर्माला ई लागते आणि शेवटचा क विरतो: ग्योमलेयी गीयमीश. लहानांना 'सेन' आणि वडीलधाऱ्यांना 'सीझ', तू आणि तुम्ही, हेही तेथे आहे. तो म्हातारा पोलीस मला सीझ म्हणत होता, मी त्याला पुस्तकातले सेन म्हणत होतो. त्याने ते मनावर घेतले नाही.

आता उर्दू-फारसी जाणणाऱ्या पालकांसाठी थोडेसे. तुर्की बाजारात गेलात तर अर्धे शब्द ओळखीचे निघतील. शिंपी म्हणजे तेरझी, हा आपला दर्जी. मोजे म्हणजे चोराप, उर्दूतले जुराब. कमरपट्टा म्हणजे केमेर, कमरच ती. तांबडा म्हणजे किर्मिझि, मराठीत आपण किरमिजी म्हणतो तोच शब्द. गडद निळा म्हणजे लाजीवेर्त, आपला लाजवर्दी. कापड म्हणजे कुमाश. मराठीत कापडाची कुमास, कुमासदार वीण म्हणतात ना, ती हीच. जोडा म्हणजे पाबुच, आपल्या जुन्या मराठीतले पायपोस. आणि मेंदील म्हणजे हातरुमाल. मराठीत मंदील म्हणजे डोईचे जरीचे पागोटे. एकाच घरातून निघालेला शब्द तेथे खिशात जाऊन बसला आणि येथे डोक्यावर चढला. उलट जी कैची आपण तुर्कांच्या भाषेतून आलेली म्हणतो, तिला इस्तंबूलचा शिंपी माकास म्हणतो, आणि तो शब्द अरबी!

पण पालकहो, या ओळखीच्या चेहऱ्यांवर फार विसंबू नका. शब्द सोयरे असले तरी घर निराळे आहे. तुर्की भाषेचे मूळ अरबीचेही नाही आणि फारसीचेही नाही. मी 'गायब' ओळखला आणि त्याच भरवशावर मित्राऐवजी सदरा हरवला असे कबूल करून बसलो, हे विसरू नका. उर्दू येते म्हणून तुर्की येईल असे नाही. वाक्याची चाल ओळखू आली पाहिजे, आणि ती चाल मला उर्दूइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, मराठीतून ओळखू आली.

टोपीचा उल्लेख निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांचे गोंडेवाल्या लाल टोपीतले छायाचित्र असेल. तिला आपण तुर्की टोपी म्हणत आलो. अलीगढच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर ती होती, आणि तेथून ती आपल्या कोकणापर्यंत आली. खुद्द तुर्कस्तानात ती सुलतान दुसरा महमूद याने १८२० च्या दशकात फौजेला दिली, आणि १९२५ च्या नोव्हेंबरात टोपीचा कायदा होऊन ती गेली, तिच्या जागी काठाची हॅट आली. त्यानंतरही आपल्या लग्नांत ती मिरवतच होती. म्हणजे तुर्की टोपी तुर्कांच्या डोक्यावरून उतरली तरी आपल्या डोक्यावर राहिली. त्या कायद्याच्या नावात 'घालणे' यासाठी साधा गीयमेक नव्हता, 'इक्तिसा' हा भारदस्त अरबी शब्द होता. पुढे १९३२ साली भाषासंस्था निघाली आणि असले शब्द वेचून वेचून बाजूला काढण्यात आले. आज शाळेतल्या मुलाला इक्तिसा म्हटले तर कळणार नाही, गीयमेक मात्र दोन वर्षांच्या मुलालाही कळते.

मुल्ला नसरुद्दीन आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तुर्क त्याला नसरेद्दीन होजा म्हणतात, आक्शेहीर गावी त्याची कबर दाखवतात. तो साध्या कपड्यात मेजवानीला गेला तेव्हा कोणी विचारले नाही. घरी जाऊन भरजरी फरचा कोट घालून आला तेव्हा त्याला मानाच्या जागी बसवले. मग तो कोटाची बाही ताटात बुडवू लागला आणि म्हणाला, "ये, क्यूर्क्यूम, ये." ये म्हणजे खा. क्यूर्क म्हणजे फर. शेवटचा 'यूम' म्हणजे माझा. 'खा, माझ्या कोटा, खा.' तीन शब्दांत आज्ञार्थ आला, मालकीचा प्रत्यय आला आणि स्वरांचा मेळही आला. मी तर म्हणतो शिक्षकांनी पहिला तास येथूनच सुरू करावा.

असो. तुम्ही सगळे मनातून त्या मुलाची काळजी करीत असाल.

मला प्रश्न कळल्यावर मी त्या वयस्कर पोलिसाला माझ्या अंगावरच्या वस्तू दाखवून दाखवून सांगितले: निळा सदरा, काळी पँट, डोळ्यावर चष्मा. मिशी? नाही. त्याने टेलिफोन उचलला आणि सगळे एका दमात सांगितले: "मावी ग्योमलेकली, सीयाह पांतोलोनलू, ग्योझल्यूकल्यू, बियिकसिझ बीर गेंच." निळ्या सदऱ्याचा, काळ्या पँटचा, चष्मेवाला, बिनमिशीचा एक तरुण. ली, लू, ल्यू आणि सिझ, सारे एका वाक्यात. मी तर इतका वेळ धडपडून 'मित्र सदरा' एवढेच जमवले होते. मग आम्ही वाट पाहत बसलो. साडेसहा झाले, सात झाले. चहाचे चार पेले झाले. मी घड्याळाकडे पाहत होतो आणि त्याच्या वालिदांना पत्रात काय लिहावे याची मनातल्या मनात जुळवाजुळव करीत होतो.

पावणेआठला टेलिफोन वाजला. मुलगा कोनाक चौकात, घड्याळाच्या मनोऱ्यापाशी सापडला. चुकीच्या बसने गेला, परत फिरला, आणि जेथे उतरला होता तेथेच उभा राहिला, कारण त्याला घरून तसेच शिकवले होते. पोलिसांची गाडी त्याच्यासमोरून दोनदा गेली होती. दोन्ही वेळा त्यांनी त्याला पाहिले आणि सोडून दिले. सदरा निळा होता, पँट काळी होती, मिशी नव्हती. पण त्यांना सांगितले होते ग्योझल्यूकल्यू, आणि हा तर ग्योझल्यूकस्यूझ! पावसाने काचा भिजून काही दिसेना, म्हणून पोराने चष्मा काढून खिशात ठेवला होता.

म्हाताऱ्या पोलिसाने टेलिफोन खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले, आणि इतका हसला की त्याच्या पांढऱ्या मिशा हलू लागल्या. मग स्वतःच्या डोळ्यांवरून काल्पनिक चष्मा उतरवून म्हणाला, "ग्योझल्यूयून्यू चिकारमिश!" चष्मा काढला होता म्हणे. काढताना त्याने पाहिले नव्हते, म्हणून चिकारमिश. तो प्रत्यय मला कोणी पुन्हा शिकवावा लागला नाही. साडेआठला पोर जिना चढून वर आले, आणि नऊला जहाज सुटले.